मशीन घेण्याआधी आईचा दंड मोजा

प्रश्न : माझी आई 71 वर्षांची आहे. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी मुलुंडला असते. तिला बरीच वर्षं बीपीची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे वरचं बीपी 158 भरलं. ते म्हणाले, गोळी वाढवण्याआधी आठवडाभर घरी मोजून आकडे आणा. पुण्याच्या भावाने लगेच मनगटाला बांधायचं मशीन ऑनलाइन पाठवलं. त्यावर 166 आलं म्हणून आई घाबरली. शेजारच्या काकांचं दंडाचं मशीन लावलं तर 147. तेव्हापासून ती दिवसातून आठ-दहा वेळा मोजते आणि प्रत्येक आकड्याला मला फोन करते. माझे मिस्टर म्हणतात, स्मार्टवॉच घेऊन टाका, सतत मोजत राहील. आमचा मेडिकलवाला बाराशेपासून साडेचार हजारांपर्यंतची मशीनं दाखवतो आणि प्रत्येकाला 'हेच बेस्ट' म्हणतो. आई अंगाने भरलेली आहे, आणि तिला बारीक अक्षर वाचता येत नाही. नेमकं कोणतं घेऊ?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात आईचं वय आहे, गोळी आहे, दोन मशीनांचं भांडण आहे, मेडिकलवाल्याचे भावसुद्धा आहेत. नाही तो फक्त आईच्या दंडाचा घेर. बीपीच्या मशीनबद्दल विचारायला येणारे बहुतेक जण हेच करतात. कंपनी कोणती, मोबाइलला जोडता येतं का, वॉरंटी किती, सगळं विचारून होतं, आणि ज्या पट्ट्यावर आकडा खरा की खोटा हे ठरतं, तो खोक्यात येईल तो आपला, अशी समजूत असते.

म्हणून आज दुकानात जाऊ नका. शिवणाची टेप घेऊन लालबागला जा. आईला हात सैल सोडून उभं राहायला सांगा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध पेनाने खूण करा आणि तिथे उघड्या दंडावर घेर मोजा. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. ब्लाउजच्या मापावरून अंदाज बांधू नका. शिंपी बाहीच्या काठाशी माप घेतो, वर दोन बोटं सैल धरतो, आणि ते माप किती दिवाळ्यांपूर्वीचं आहे हे आईलाही आठवणार नाही.

आता हा आकडा खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. प्रत्येक मशीनच्या खोक्यावर आणि पट्ट्यावरही तो किती घेरासाठी आहे ते सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. आपल्याकडच्या साध्या मॉडेल्ससोबत बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा पट्टा येतो. अंगाने भरलेल्या बाईचा दंड 34-35 सहज भरतो. अशा दंडावर 32 चा पट्टा ओढूनताणून बसतो, मशीन चालतं, आकडाही येतो, फक्त तो फुगलेला येतो. आतला रबरी फुगा दंडाला पुरेसा वेढा घालू शकत नाही, त्यामुळे तीच शीर दाबायला त्याला जास्त हवा भरावी लागते, आणि ती जास्तीची हवा आपण बीपी म्हणून वाचतो. 2023 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. ज्यांना एक माप मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावला, तर वरचं बीपी सरासरी 5 च्या आसपास जास्त आलं. ज्यांना त्याहूनही मोठा हवा होता त्यांचं जवळजवळ 20 ने. वीस म्हणजे एक गोळी वाढण्याइतका फरक! दंड बारीक आणि पट्टा मोठा असला तर उलट होतं, आकडा कमी येतो.

तेव्हा काकांच्या मशीनवर आलेला 147 हाही मी लगेच खरा धरणार नाही. काका अंगाने किरकोळ असतील तर त्यांचा पट्टा त्यांना योग्य आहे, आईला नाही. आईचा घेर 32 च्या वर भरला तर दुकानात एकच वाक्य बोला : 'बावीस ते बेचाळीसचा पट्टा येतो ते दाखवा.' काही मॉडेल्ससोबत तो येतो, काहींना वेगळा विकत घ्यावा लागतो. 'अहो, हा फ्री साइज आहे, सगळ्यांना बसतो' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

दोन मशीनांचे आकडे इतके वेगळे का, याबद्दल थोडं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकतात. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. हवा भरताना किंवा सोडताना शिरेच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या हवेत जी थरथर उठते, ती ते टिपतं. थरथर सगळ्यात मोठी असते तो दाब सरासरी रक्तदाबाच्या जवळपासचा असतो, आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा मशीन स्वतःच्या सूत्राने काढतं. हे सूत्र प्रत्येक कंपनीचं आपलं असतं आणि ती ते उघड करत नाही. म्हणून अचूकता कंपनीच्या नावावर ठरत नाही, मॉडेलवर ठरते. ओमरॉन, रॉसमॅक्स, बीपीएल, डॉ. मोरपेन ही नावं तुम्हाला कुठल्याही काउंटरवर दिसतील. विचारायचं ते हे, की या अमुक मॉडेलची स्वतंत्र चाचणी झाली आहे का. ती करण्याची जागतिक पद्धत ठरलेली आहे, आयएसओ 81060-2 नावाची. किमान 85 माणसांवर मशीन आणि प्रशिक्षित निरीक्षक यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तपासतात. त्यातून पार पडलेल्या मॉडेल्सची यादी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर फुकट बघता येते. खोक्याच्या तळाशी किंवा मशीनच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो, तो अक्षर न् अक्षर तिथे शोधा. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर जमण्यासारखं काम आहे.

आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून बीपीची मशीनं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे खोक्यावर उत्पादनाच्या किंवा आयातीच्या परवान्याचा नंबर बघून घ्या. तोच नसेल तर ते मशीन हातातही धरू नका. पण परवाना आहे म्हणजे वर सांगितलेली चाचणी झालीच आहे, असंही धरू नका. आणि छापील किमतीवर निम्मी सूट पाहून हुरळू नका. ही मशीनं छापील किमतीला सहसा कोणीच विकत नाही.

मनगटाच्या मशीनचं काय करायचं? भावाने प्रेमाने पाठवलंय, पण ते आईसाठी नाही. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा खाली राहिलं की आकडा वर जातो, वर धरलं की खाली येतो. मांडीवर हात ठेवून टीव्ही बघत मोजलं तर 166 दिसण्यात नवल काय? बरोबर उंचीवर, न हलवता धरलं तर त्यातली काही मशीनं बरी चालतात, पण 71 वर्षांच्या एकट्या बाईने हे रोज अचूक करावं ही अपेक्षा फार झाली. दंडाला कुठलाच पट्टा नीट बसत नाही, किंवा दोन्ही दंडांवर पट्टा बांधायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, अशा लोकांसाठी मनगटाचा विचार करतात. परत करायची मुदत संपली नसेल तर आजच परत करा. भावाला वाईट वाटेल असं वाटत असेल, तर नव्या मशीनचे पैसे त्यालाच भरू द्या.

स्मार्टवॉचबद्दल तुमच्या मिस्टरांची क्षमा मागून सांगते, नको. पट्टा न फुगवता बीपी सांगणाऱ्या घड्याळांवर निदान किंवा गोळीचा निर्णय सोपवू नये, असं युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शन या रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्येच सांगितलं आहे. काही घड्याळांना तर दर महिन्याला खऱ्या पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. मग ते मशीनच घ्या ना! शिवाय सतत मोजणं हा तुमच्या घरी उपाय नाही, तोच तर आजार होऊन बसलाय. त्याकडे पुढे येते.

स्टेथोस्कोपसोबत येणारं काट्याचं गोल डायल स्वस्त असतं, मेडिकलवाला तेही दाखवेल. ते एकट्याने स्वतःवर वापरणं कठीण, काटा मधूनमधून तपासून घ्यावा लागतो, आणि लालबागमध्ये गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर ढोलताशा चालू असताना त्यातून कोणाला काय ऐकू येणार? डिजिटलला बाहेरच्या आवाजाचं सोयरसुतक नसतं. हात हलला, किंवा आई बोलत बसली, तर मात्र ते चुकतं.

आता आईला साजेसं मशीन. तिला एकटीला लावता आलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. मोठे आकडे, सुरू करायचं एकच ठळक बटण, आणि डाव्या हातावर उजव्या हाताने बांधता येईल असा पट्टा. काही पट्टे आतून किंचित कडक, आपोआप दंडाला वळसा घालणारे असतात. सांधे दुखणाऱ्यांना ते फार सोपे जातात, त्यासाठी दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील. पट्टा सैल बसला किंवा हात हलला तर खूण दाखवणारं मशीन मिळालं तर उत्तम. शेवटचे आकडे तारीख-वेळेसह साठवणारी मेमरी हवीच, कारण आई डायरीत लिहायला विसरली तर डॉक्टरांना दाखवता येईल. मात्र घरी आणल्या आणल्या तारीख आणि वेळ लावून द्या. अनेक घरांत वर्षानुवर्षं मशीन मध्यरात्रीची वेळ दाखवत असतं.

आकडा बोलून दाखवणारी मशीनं येतात. नजर फार अधू असेल तर उपयोगी, पण चाळीत दार उघडं असतं, अख्ख्या गॅलरीला आईचं बीपी कळेल आणि प्रत्येक दारातून एकेक सल्ला येईल. तिला मोठे आकडे दिसत असतील तर हे टाळा. ब्लूटूथ तुमच्यासाठी आहे, आईसाठी नाही. तुम्ही किंवा भाऊ रोज तिच्या मोबाइलवर बसणार नसाल तर त्याचे पैसे वाया. ठोके अनियमित आहेत हे दाखवणारी खूण मात्र कामाची. ती एखाददा दिसली तर घाबरायचं कारण नाही, वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगा. ते ईसीजी काढतील. तशा अनियमित ठोक्यांत मशीनचा एक आकडा भरवशाचा नसतो, लागोपाठ तीन घेऊन सरासरी काढावी लागते.

दंडाचं, चाचणी झालेलं, साधं आणि योग्य पट्ट्याचं मशीन साधारण दीड ते तीन हजारांत मिळायला हवं. त्याच्या वरचे पैसे बहुतेक वेळा पडद्याच्या रंगाचे आणि मोबाइल ॲपचे असतात. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकलच्या दुकानांत गेलात तर निवड जास्त मिळेल आणि सुटा मोठा पट्टाही. पण आईला लोकलने तिथवर न्यायचं नसेल तर घराजवळचं, उघडून दाखवणारं आणि बिघडलं तर बदलून देणारं मेडिकल मला जास्त आवडेल. पट्टा तिच्या दंडावर बांधून बघा, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

मग पहिली भेट डॉक्टरांकडे, मशीन पिशवीत घालून. आई जिना उतरून, रिक्षातून हादरे खाऊन आलेली असेल, म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसवा. त्याच हातावर एकदा डॉक्टरांचं, एकदा तुमचं, असं दोन-तीनदा आलटून पालटून मोजायला सांगा. फरक 5 पर्यंत असेल तर निश्चिंत राहा, 10 च्या वर जात असेल तर पट्टा पुन्हा तपासा आणि तरीही जात असेल तर मशीन बदला. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बीपी बघून घ्या. ज्या हाताचं जास्त येईल तोच यापुढे मोजायचा. दोन्हींत 10 हून जास्त तफावत कायम राहिली तर ती डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या बाजूला, किंवा डायलिसिससाठी शीर जोडली असेल त्या हाताला, पट्टा बांधत नाहीत.

आता बसायचं कसं. आईच्या खोलीत बहुधा पलंग आणि जमिनीवरची सतरंजी. पलंगावर पाय लोंबकळत ठेवून किंवा मांडी घालून मोजू नका. पाठ टेकेल अशी खुर्ची भिंतीशी लावा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. शेजारी शिलाई मशीन असेल तर त्याच्या फळीवर, नाहीतर स्टुलावर उशी ठेवून हात असा टेकवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. हाताला आधार नसणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण 2024 मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये तपासलं, तर हात मांडीवर ठेवल्यावर वरचं बीपी सरासरी 4 ने आणि बाजूला लोंबता ठेवल्यावर साडेसहाने जास्त आलं. घट्ट बाहीचा ब्लाउज वर सरकवून त्याखाली पट्टा बांधू नका, गुंडाळलेली बाही दंड आवळते. घरातला सैल बाहीचा गाउन बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर. आधीचा अर्धा तास चहा नाही, जिना नाही, आणि लघवीला जाऊन यायचं. मोजताना तुमचा फोन आला तर उचलायचा नाही.

हा फोन म्हणजे दुसरा अर्धा प्रश्न. दिवसातून दहा वेळा मोजलं तर दहा वेगळे आकडे येणारच, निरोगी माणसाचेही येतात. मग 152 बघून धसका, त्या धसक्याने 160, आणि ते खरं आहे का बघायला तिसऱ्यांदा पट्टा. हे चक्र तोडायला आईला वेळापत्रक द्या. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. रात्री जेवणाआधी तसंच. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकी सहा दिवसांची सरासरी काढून डॉक्टरांकडे न्या. घरची सरासरी 135/85 च्या खाली असणं हे दवाखान्यातल्या 140/90 च्या खाली असण्यासारखं धरतात. आईची त्याच्या खाली आली तर दवाखान्यातला 158 पांढऱ्या कोटाच्या, म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर वाटणाऱ्या धास्तीचाही असू शकतो, आणि डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी थांबून हे आकडे मागितले ते त्यासाठीच. सात दिवस झाले की रोजचं मोजणं बंद. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, नाहीतर आठवड्यातून एखाद-दोनदा. तोवर मशीन कपाटात ठेवा, टीव्हीखाली नको. समोर दिसलं की हात जातो. आकडा कळवायला आईने फोन करायचा नाही, रविवारी तुम्ही डायरी बघायची, असं ठरवून टाका. पहिले काही दिवस ती रुसेल.

यालाही अपवाद आहे. 180/120 किंवा त्याच्या वर आकडा आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. तरी तेवढंच असेल आणि छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय किंवा तोंड लुळं पडणं, बोलताना जीभ जड होणं, अचानक दिसेनासं होणं यांतलं काहीही असेल, तर 108 ला फोन. ही लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरी थांबायचं नाही. लक्षण काहीच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. शेजारच्यांनी सुचवलेली जिभेखालची गोळी नाही, आपल्या मनाने एक जास्तीची गोळी नाही. बीपी झपकन खाली आणण्यानेही मेंदूला इजा होते. हे तीन-चार ओळींत मोठ्या अक्षरांत लिहून, तुमच्या आणि डॉक्टरांच्या नंबरसह, आईच्या फ्रिजवर चिकटवा.

देखभाल फारशी नसते. सेल अल्कलाइन घ्या, पावसाळ्यात मशीन महिनाभर वापरणार नसाल तर काढून ठेवा, आपल्या दमट हवेत ते आतच गळतात. ॲडॉप्टर लावायचा तर त्याच कंपनीचा. वर्षातून एकदा मशीन पुन्हा डॉक्टरांच्या आकड्याशी ताडून बघा. सगळ्यात आधी जातो तो पट्टाच : चिकटपट्टी धरेनाशी होते, नळीला चीर पडते आणि हवा हळूहळू निसटते. तेव्हा मशीन टाकू नका, नवा पट्टा मिळतो. मात्र तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने सांगितलेलाच घ्या. नळी बसते म्हणून दुसऱ्या कंपनीचा लावला तर सूत्र एकाचं आणि पट्टा दुसऱ्याचा, आकडा कोणाचाच नाही. आणि मधल्या काळात आईचं वजन पाच-सात किलोंनी इकडे तिकडे झालं असेल, तर पट्टा मागवण्याआधी दंड पुन्हा मोजा.